पुतळा आत्याच्या बोटांची ताटं

सारसोळ्याच्या अमिताची मातीची ताटं गाजली ती कडेच्या ठशांमुळे. ताट ओलं असतानाच ती कडेनं बोटं दाबत जायची. भट्टीतून निघालं की त्या खळग्यांत ग्लेझचा निळसर, काचेसारखा लेप साचलेला असायचा. तांदळाची भाकरी थापताना उमटतात ना बोटं, तश्शीच! भाकरी थापणारी बाई म्हणजे तिची पुतळा आत्या. आई अमिताच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन या आत्यानंच तिला वाढवलं, शिकवलं.

गिऱ्हाइकांना एवढं सांगितलं असतं तरी पुरे नव्हतं का? पण पहिल्याच प्रदर्शनात एका बाईंनी डोळे पाणावून विचारलं, "आता त्या नसतील ना?" आणि अमितानं मान खाली घातली. बाईंनी अख्खा सेट उचलला. पुढच्या खेपेला मानेच्या जोडीला शब्द आले, मग आवाजही कापरा झाला. आत्या नेरूळच्या बाजारात ठणठणीत बसून पापलेट विकतेय, आणि इकडे वाशीच्या प्रदर्शनात भाची तिच्या नावानं गळा काढतेय! काय म्हणावं या पोरीला?

घरी आत्या स्वतःच्या ताटातला बोंबील तिला वाढायची, तेव्हा अमिताला घास गिळवत नसे. उद्यापासून बंद, असं ती रोज ठरवायची. उद्या गिऱ्हाईक आलं की जीभ सुरू.

रविवारी आत्या न सांगता प्रदर्शनात येऊन उभी राहिली. नवी साडी, अंबाड्यात अबोलीची वेणी. "माज्या पोरीचं दुकान बगाया आले," म्हणाली. अमिताला काही सुचायच्या आत नेहमीच्या एक बाई पुढे आल्या आणि ठशांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "आत्याची फार आठवण येत असेल ना गं? असं माणूस परत मिळत नाही."

आत्यानं एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. उभा जन्म बाजारात गेलेला. गिऱ्हाईक कशानं हलतं ते तिला कळत नसेल होय! पदर सावरून ती म्हणाली, "व्हय बाई, लय चांगली होती. मी शेजारीन तिची."

बाई ताटं घेऊन गेल्या.

"आते, चुकलं माझं! पाया पडते तुझ्या. आत्ता जाऊन खरं सांगते त्यांना."

"गप बस. मेल्याची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढतं," आत्या हसत म्हणाली. मग खुर्चीवर टेकली. जरा वेळानं कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "मी मेले तवा तू जवल होतीस ना गो माज्या? काय सांगतेस लोकांना?"

अमिता नुसती रडत राहिली. 'हो' म्हणायलाही तिला तोंड उरलं नव्हतं.