पाणी मारू नको

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात घागरभर पाण्यासाठी बायकांचा जीव मेटाकुटीला आला होता, आणि नेमकं तेव्हाच बजाबाईच्या मनानं घेतलं की सिमेंटला पाणी हवं. तिचा तरी काय दोष? जन्मभर तिनं गवंड्यांच्या हाताखाली बिगारी केलेली. सिमेंट कोवळं आहे तोवर त्याला भरपूर पाणी मारायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

तिचा नवरा जोतीराम मूळचा जेऊरचा गवंडी, दम्यानं पार खिळखिळा झालेला. दुष्काळी कामावर खडी फोडताना धुळीनं त्याचा श्वास कोंडायचा, ओठ निळे पडायचे. अशात चनमल्लप्पांनी आपल्या कारखान्यातल्या एका यंत्रमागाचा उखडलेला पाया त्याला दुरुस्तीला दिला. "टिकला तर बाकीच्या मागांचं कामबी तुझंच. न्हाई टिकला तर तू तुझ्या वाटेनं जा," म्हणाले. पुन्हा खडीवर गेला तर हा माणूस वाचत नाही, हे बजाबाईला स्वच्छ दिसत होतं.

या पायाच्या सिमेंटच्या मालात मुंबईहून आलेलं दुधासारखं पांढरं रसायन घातलं होतं. काम संपलं आणि जोतीरामनं दम्यानं अंथरूण धरलं. पायाकडं बघायला बजाबाईच जाणार होती. त्यानं तिला बजावलं, "एक दिस ओलं पोतं टाक. मग थेंब न्हाय. ह्यो माल वाळूनच घट्ट हुतो, रसायनवाल्या सायबानं सांगितलंय."

"व्हय," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. भाकरी एकच उरली की हा 'मला भूकच न्हाय' म्हणायचा. रात्रभर धापा टाकून सकाळी 'लई झ्याक झोप लागली' म्हणायचा. आताही घरातलं प्यायचं पाणी वाचावं म्हणून थाप मारतोय, दुसरं काय! पाण्यावाचून घट्ट होणारं सिमेंट कुणी पाहिलंय? तिनं पोतं काढलंच नाही. रोज आपल्या वाटणीचा तांब्या ती त्यावर रिता करत राहिली. घशाला कोरड पडायची, पण मन निवांत असायचं.

काही दिवसांनी जोतीराम जरा उठता झाला, तेव्हा माग बसवला, सुरू केला. थोडा वेळ खडखडला आणि बोल्ट पायातून उपटून आला. जोतीरामनं तुटलेल्या जागी नख लावलं, तर माल भुसभुशीत. चनमल्लप्पा मान हलवून निघून गेले.

जोतीराम नखातला भुगा चिमटीत चोळत राहिला. "माझंच काईतरी चुकलं. रसायन कमी पडलं आसंल."

बजाबाईला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "अवो, तुमचं न्हाय चुकलं. म्या पाणी मारलं. रोज."

"नको म्हणलो हुतो की."

"मला वाटलं, खोटं बोलताय. भुकेचं बोलता तसं."

त्याची छाती नुसती वाजत होती. "एवढं एक खरं बोललो हुतो गं," तो म्हणाला. मग एकदम तिच्या फुटलेल्या ओठांकडं बघत राहिला. "पाणी कुटलं मारलंस?"

"माझ्या वाटणीचं."

"मग तू काय प्यालीस?"

"मला तानच न्हवती," बजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं खडीवर गेली.