टोचणीबाईची मतं

आमच्या दैनिकाने देशाच्या इतिहासातले शंभर थोर निवडायचं ठरवलं आणि वाचकांच्या मतांची कार्डं वाचून नावं संगणकात भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. थोरांची क्रमवारी लावायला शेवटी कारकूनच लागतो.

वरचे दहा ठरलेलेच होते: सेनापती, पुढारी, चौकाचौकात पुतळे असलेले. मी अडखळले ती भलत्याच नावापाशी. ‘टोचणीबाई.’ मग ‘सुईवाल्या बाई’. मग ‘इंजेक्शनवाल्या आक्का’. कुणी नुसतंच लिहिलेलं, ‘लस टोचायला दारावर यायच्या त्या.’ ही सगळी माझी मावशी! चाळीस वर्षं बर्फाची पेटी खांद्याला लावून ती गावोगाव हिंडली, पण तिचं नाव कुणी विचारलंच नाही. मला तिनेच वाढवलं. आता अंथरुणाला खिळलीय आणि रोज एकच विचारते, “एवढी पोरं टोचली, एखाद्याला तरी आठवत असेन का गं?” उत्तर काय कप्पाळ देणार? आता मात्र उत्तरांची पोतीच समोर होती. “रविवारचा पेपर बघ हं,” असं मी उतावीळपणे तिला सांगूनही बसले.

संगणक जसं लिहिलं तसं मोजतो. एका मावशीच्या त्रेसष्ट बायका झाल्या आणि एकीचाही शंभरांत नंबर लागेना. मी सगळी मतं जोडून पाहिली. अकरावा क्रमांक! तशीच संपादकांकडे धावले.

“या सगळ्या एकच कशावरून?” ते म्हणाले.

“अहो, माझी सख्खी मावशी आहे. मला नाही कळणार?”

“मावशी?” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मतं मोजणार तुम्ही आणि नंबर येणार तुमच्या मावशीचा. बाहेर कळलं तर लोक शेण घालतील तोंडात. राहू द्या.”

जीभ चावून आता काय उपयोग? “निदान ती कार्डं तरी घरी नेऊ द्या,” मी म्हटलं.

“मोजलेली कार्डं सकाळीच रद्दीत गेली. नियमच आहे तसा.”

मी तळघरात पळाले. पोती रिकामी होती, कागद कापायचं यंत्र बंद करून शिपाई खाली झाडत होता. मला रडूच फुटलं. ‘टोचणीबाई’पुढचं अक्षर लागेना म्हणून खणात बाजूला ठेवलेलं एक कार्ड तेवढं बचावलं होतं.

रविवारी मावशीने भिंग धरून शंभरच्या शंभर नावं वाचली. मग पान उलटलं. मागे साबणाची जाहिरात होती. मी घाईघाईने कार्ड तिच्या हातात दिलं. मला न लागलेलं अक्षर तिला पटकन लागलं.

“‘माझं मत टोचणीबाईंना. त्या आल्या की मी पलंगाखाली लपायचो. आज धडधाकट उभा आहे तो त्यांच्यामुळे.’” तिने वर पाहिलं. “छान लिहिलंय. ही टोचणीबाई कोण गं?”

तोंडावर तिला सगळे ‘बाई’च म्हणायचे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“तूच, मावशी.”

“मला टोचणीबाई म्हणायचे?”

“प्रेमाने गं! अशी हजारो कार्डं होती.”

“कुठायत?”

मी पेपरची घडी घालू लागले. तिने कार्ड उशाशी पालथं ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“मी किती हळू टोचायचे गं,” ती म्हणाली.