कापसातला खिळा

मी एक गोल लोहचुंबक. तळहाताएवढा, मधे भोक असलेला. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जाग आली तेव्हा परभणीच्या एका मंडपवाल्याच्या स्पीकरमध्ये होतो. कितीतरी लग्नं नुसती थरथरत काढली. मग एका हळदीत स्पीकरचा पडदा फाटला आणि मी भंगारात गेलो.

भंगारातूनच मानवतच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात आलो. तिथलं सगळं स्वप्नासारखं वाटायचं. पत्र्याच्या फटींतून ऊन तिरपं उतरायचं, त्यात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. कापूस निवडणाऱ्या बायकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. कोपऱ्यात पडल्या पडल्या मला पेंग यायची.

त्या स्वप्नात भीती एकच, आगीची. गाडीतून कापसाबरोबर एखादा खिळा, एखादा खडा यायचा. यंत्राच्या पात्याला लागला की ठिणगी उडायची. आदल्या हंगामात अशाच ठिणगीनं पारूबाईचे दोन्ही हात भाजले. तिच्या शेजारी बसणाऱ्या चांगुणाबाई तेव्हापासून निवडताना सापडलेला प्रत्येक खिळा एका डब्यात टाकू लागल्या.

एके दुपारी त्यांनी तो डबा माझ्याशेजारी टेकवला. खिळे उसळून मला येऊन बिलगले. इतक्या वर्षांनी कुणीतरी नावानं हाक मारावी, तसं झालं मला. चांगुणाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

दिवाळीनंतर राजेश्री नावाची नवी मॅनेजर आली होती. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना विचारलं होतं, "इथं काय बदलावं वाटतं?" सुग्रीव मिस्तरी तेवढे बोलले होते, "मॅडम, वीस वर्षं झाली. आमचं काम हात चालवायचं. डोकं चालवणारे येगळे."

चांगुणाबाईंनी मला तिच्या टेबलावर ठेवलं. "हे पाइपात बसवून बघायचं का?"

"बघू की," राजेश्री म्हणाली.

कापूस ओढणाऱ्या पाइपात मला बसवलं. पहिल्या दिवशी मी सात खिळे धरले. तिसऱ्या दिवशी मात्र कापूस माझ्याभोवती गोधडीसारखा गुंडाळत गेला. त्या उबेत मला काही कळेनासं झालं. एक खिळा सटकला. ठिणगी, धूर, धावपळ! बादल्या ओतून आग विझली. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्यांच्या नजरा चांगुणाबाईंकडे वळल्या.

"म्हणलो न्हवतो?" सुग्रीव मिस्तरी म्हणाले.

"माझंच चुकलं, मॅडम. मी आपली निवडतच बसते," चांगुणाबाई म्हणाल्या.

राजेश्रीनं यंत्र बंद ठेवायला लावलं. मला काढून हातात घेतलं आणि ती त्यांच्याजवळ जमिनीवरच बसली. "मावशी, बसवायला मीच सांगितलं होतं, तेव्हा चूक माझीबी हाय. पण ह्याच्यावर कापूस का गुंडाळला असंल?"

त्या शेडमध्ये 'कुणी केलं' हे नेहमीच विचारलं जाई. 'का झालं' हे मी पहिल्यांदा ऐकलं.

चांगुणाबाईंनी माझ्यावरचा कापूस बोटांनी सोडवून पाहिला. मग म्हणाल्या, "वारं समदा कापूस ह्याच्याच अंगावर आणून टाकायलंय. आमी उफणताव तवा जड दाणा पायाशी पडतो, भुसकट पुढं जातं. पाइपाला खालून तोंड ठिवलं तर?"

मिस्तरींनी कुरकुरत पाइप कापला. भोक मोठं झालं, कापूसच खाली आला. दुसऱ्यांदा लहान झालं, खडे अडकले. राजेश्रीनं दोन्ही वेळा एवढंच विचारलं, "आता काय कळलं?" तिसऱ्या वेळी तिनं काही म्हणायच्या आधीच मिस्तरी पुढं झाले. "थांबा. तिरपं करून बघतो."

जमलं. कापूस वाऱ्यावर पुढं गेला. खडे, खिळे खालच्या पेटीत पडले. तळाशी मी पहुडलेलो. खिळा पडला की त्याला कवेत घ्यायचं आणि पुन्हा उडू द्यायचं नाही.

उरलेला हंगाम एका ठिणगीशिवाय गेला. पारूबाई कामावर परत आली. पेटीला कान लावून तिनं एका खिळ्याचं 'ठक' ऐकलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

आता माझी ताकद ओसरलीय. पेटीत नवा, मोठा लोहचुंबक आला. मी ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर चिकटून असतो. कामगारांनी आपल्या कल्पना रेखाटलेले कागद माझ्याखाली लावतात. कुणाच्या पंख्याची वाकडी रेघ, कुणाच्या टोपलीला चाकं. बरेचसे फसलेत. एकही फेकलेला नाही.

काल सुग्रीव मिस्तरी आले. हातात चौघडी केलेला कागद.

"मॅडम, जमणार न्हाई बहुतेक," ते लाजत म्हणाले. "पण एकदा करून बघावं म्हणतो."

राजेश्रीनं तो कागद माझ्याखाली सरकवला. जाडसर होता, मला जोर लावावा लागला. तुमच्याकडेही असा एखादा कागद घडी करून ठेवलेला असेल, तर आणा. चुकलेला असला तरी चालेल. अंगात जोर आहे तोवर मी धरून ठेवीन.