प्रेताला संवाद नव्हता

आमच्या लेकीच्या सिनेमात प्रेताचं काम तिच्या बाबांनी करायचं, हे ठरलं तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. चारच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांची छाती उघडून परत शिवली होती, आणि ही कार्टी त्यांना पांढऱ्या चादरीखाली निजवायला निघाली.

"आई, विनोदी सिनेमा आहे गं."

"बाप मेल्याचा विनोद?"

"बाप नाही, नवरा. तो मरतो आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते सांगायचंच राहतं. ती सापडेपर्यंत बायकोला रडायला फुरसत नाही. पंधरा मिनिटांचा तर आहे."

ह्यांना काय, आनंदाचं भरतं आलं होतं. "मला एकही वाक्य पाठ करायचं नाही," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले. दुपारची झोप हाच आपला रियाज, असंही जाहीर करून टाकलं.

शूटिंगच्या दिवशी माझ्या बेडरूमची पार रया गेली. कॅमेरा सांभाळणारा दाढीवाला, काठीला माइक बांधून उभी असलेली चष्मेवाली आणि आमच्या दिग्दर्शकबाई, एवढीच फौज. आवाज नको म्हणून पंखा बंद, फ्रिजही बंद. तो परत सुरू करायचं विसरू नये म्हणून दाढीवाल्याने स्वतःच्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. घरी जाताना आपोआप आठवेल म्हणे. मग ह्यांच्या तोंडाला पावडर फासली. मला ते बघवेना. तशीच स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला.

विधवेचं काम करणारी बाई आलीच नाही. तिला ऐनवेळी कसलीशी जाहिरात मिळाली. कॅमेरा तर मागून आणलेला, संध्याकाळी परत द्यायचा. लेक फरशीवर बसली, तोंड एवढंसं झालेलं. दोन वर्षं ह्या पंधरा मिनिटांच्या मागे लागली होती ती. मग तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हटलं.

"आई, फक्त बाबांवर ओरडायचंय."

चादरीखालून आवाज आला, "तिला तालमीची गरज नाही."

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात मी बोलते आणि हे 'हं' म्हणतात. पेपर वाचताना, दाढी करताना, अर्धवट झोपेतसुद्धा. ऐकतात की नाही देव जाणे, पण मी श्वास घ्यायला थांबले की 'हं' येतं. लग्न झाल्यापासून मी त्यावरून भांडतेय. ऑपरेशननंतर हे लवकर शुद्धीवर येईनात, तेव्हाही खाटेशेजारी बसून मी अशीच बडबडत होते. गळका नळ, दूधवाला, सगळं सांगून झालं. थांबले, तर पलीकडून काहीच आलं नाही. नुसतं मशीन वाजत राहिलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

"बाबा, श्वासही हळू घ्या. काहीही झालं तरी हलायचं नाही, बोलायचं नाही," लेकीने दम भरला. "ॲक्शन!"

मी सुरू झाले. किल्ली कुठे ठेवलीत? एक वस्तू जागेवर ठेवाल तर शपथ! चष्मा साबणाच्या डबीत, छत्री कपाटावर, आणि शोधत कोण बसणार, तर मी! बोलता बोलता खरंच तापले. चष्मेवालीला हसू आवरेना, तिच्या हातातली काठी हलायला लागली. मी श्वास घ्यायला थांबले.

'हं' आलं नाही.

समोर पांढरा चेहरा, मिटलेले डोळे. हा सिनेमा आहे हे मला कळत होतं, तरी मी वाकून जवळून पाहिलं.

"अहो," मी म्हटलं, "हं म्हणा ना."

काही नाही. लेकीच्या शब्दाबाहेर जाणारा बाप नव्हे हा.

"त्या दिवशीही 'हं' नाही म्हणालात. किती वेळ बोलत होते मी! किल्ली जाऊ दे, कपाट जाऊ दे चुलीत. पण असं गप्प राहायचं नाही. मी कुणाशी बोलू मग?" आणि मला रडूच फुटलं.

"हं," प्रेत म्हणालं.

डोळे मिटलेलेच होते. फक्त चादरीखालून एक हात बाहेर आला आणि माझा हात चाचपडू लागला. लेक कट म्हणायची विसरली. नाक ओढत ती तशीच उभी राहिली.

"वाया घालवला ना सीन?" हे ओशाळून म्हणाले. "पहिल्यांदा आवरलं होतं. नंतर नाही जमलं."

लेकीने तो सीन तसाच ठेवला. संध्याकाळी दाढीवाला किल्ली शोधत घरभर फिरला, फ्रिज सोडून. दूध नासलं ते नासलंच.

सिनेमा एका वाचनालयाच्या हॉलमध्ये दाखवला. त्या 'हं'ला लोक खदाखदा हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंधारात ह्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "चारचौघांत रडवलंत मला. आता ही माणसं मला वाटेत ओळखणार. ऐकताय ना?"

'हं' आलं नाही. झटकन वळून पाहिलं, तर हे पडदा सोडून माझ्याकडेच बघत होते.

"ऐकतोय," ते म्हणाले. "बोल पुढे."