मत्सर ओळखणारा जग

अरे ऐका ना, मधे कोणी बोलू नका, नाहीतर मजा जाईल! रविवारी दुपारी मी माजिवड्याला गेलेलो, हेमांगीकडे. त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ही गर्दी! गाड्या बाहेर, सतरंज्या आत, सगळे हात जोडून बसलेले आणि मधे चौरंगावर काय, तर एक जग. पाण्याचा असतो तसाच, पण चिनी मातीचा, पांढरा, निळी फुलं काढलेला. गळ्याभोवती आरपार भोकांची नक्षी. आणि बाजूला दुग्धानंद महाराज.

"हा साधा जग नव्हे!" महाराज ओरडत होते. "विलायतेच्या राणीच्या देव्हाऱ्यातला! गोऱ्या साहेबाने मरताना माझ्या पणजोबांना दिला. हा जग जगाला ओळखतो! मन साफ, तर दूध ओठात. मनात मत्सर, तर दूध छातीवर!"

राणीचा देव्हारा! मी फस्सकन हसलो. पण हसण्यासारखं काही नव्हतं रे. हेमांगीचे पप्पा, गुणाजीकाका, त्यांनी ठरवलेलं की जावई हा जगच निवडणार. मी, नाहीतर नयन. नयन म्हणजे काकांच्या मित्राचा मुलगा. जिम, बुलेट, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. काका त्याला लाडाने 'बाला', म्हणजे बाळा, म्हणतात. मला काय म्हणतात? 'ओ डोंबिवली'!

आधी मला उभं केलं. देवाचं भांडं, त्याला तोंड कसं लावणार? घरी तांब्या वरून पितो तसा जग वर धरला, तिरका केला, आणि नक्षीच्या भोकांतून सगळं दूध माझ्या शर्टावर!

"मत्सर!" महाराज गरजले. "बघा, पोटात नुसता मत्सर!"

आणि खरं सांगू? होताच ना! नयन हेमांगीच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेला, मी आतून जळत होतो. म्हणून क्षणभर मलाच वाटलं, च्यायला, याला कळलं की काय?

मग नयन उठला. महाराजांनी जग परत दुधाने भरला, त्याच्या डोक्यावर आणि जगावर शाल टाकली. "नैवेद्याला पडदा असतो. सगळ्यांनी डोळे मिटा, नाम घ्या."

सगळ्यांनी मिटले. मी कसले मिटतोय! मला त्या नयनवरून नजर काढवत नव्हती. शालीच्या खाली त्याचा हात दिसत होता. एक बोट कानाच्या, म्हणजे जगाच्या मुठीच्या, आतून वाकवून घट्ट दाबलेलं. आणि आवाज आला, 'सुर्रर्र'. उसाचा रस संपताना स्ट्रॉचा येतो ना, डिट्टो तो!

"हा चोखतोय!" मी ओरडलो.

"ओ डोंबिवली, गप बस!" काका भडकले.

पण हेमांगी उठली. तिने शाल ओढली, नयनच्या हातातून जग घेतला आणि मूठ खालून बघितली. "इथे भोक आहे," ती म्हणाली. मग काठावरची तीन छोटी तोंडं बघितली, दोन बोटांनी बंद केली, मुठीखालचं भोक दाबलं, तिसऱ्या तोंडाला ओठ लावले आणि सगळ्यांसमोर दूध प्यायली. एक थेंब नाही सांडला!

"कृपा! पोरीवर कृपा झाली!" महाराज लगेच.

"कृपा कसली? मूठ पोकळ आहे, तळापासून काठापर्यंत नळी आहे. भोक उघडं राहिलं तर हवा शिरते, दूध वर येत नाही."

नयन गोंधळला. "पण महाराज, तुम्ही तर म्हणालेलात, बोट असं दाबायचं ती मुद्रा आहे!"

हेमांगीने मोबाईलवर फोटो शोधून दाखवला. तसाच जग! इंग्लंडमध्ये दोन-तीनशे वर्षांपूर्वी दारूच्या गुत्त्यांत असे जग असायचे, मित्रांची फजिती करायला.

"दारूचे गुत्त्यातला?" काका ताडकन उठले. "आनि मी याला हार घातला?"

सगळे हसले. हेमांगी नाही हसली. गेल्या महिन्यात हा जग काकांवरही सांडलेला. महाराज म्हणालेले, बायकोच्या आजारपणात तुझं मन मळलेलं होतं, म्हणून ती गेली. तेव्हापासून माणूस एकच वेळ जेवत होता रे.

"पप्पा, बोट इथे ठेवा. आता ओढा."

काका प्यायले. सगळं. मग जग मांडीवर घेऊन बसून राहिले. "मंग माजे पोटान पाप नव्हता?"

"भोक जगाला होतं पप्पा. तुम्हाला नाही."

महाराज कधी सटकले, कोणी बघितलंच नाही.

मी काय केलं असेल? जग उचलला, परत दूध ओतलं, बोट दाबलं, घटाघट प्यायलो. "काका, मी पण पास!"

"यज्ञेश, येड्या," हेमांगी म्हणाली, "बोट दाबता आलं म्हणून मी तुझ्याशी लग्न करू? तुम्ही सगळ्यांनी मातीच्या भांड्याला विचारलंत. मला कोणी विचारलं?"

मग काका हळूच म्हणाले, "बोल गो पोरी. तुजा काय म्हनना?"

ती म्हणाली, "याच्याशीच. पण आधी याने जळणं कमी करावं."

कमी करतोय रे! पण एक सांगतो. मत्सर कोणाच्या पोटात नसतो? तुमच्याही असेल. तो ओळखायला महाराज लागत नाही आणि जग तर नाहीच. कोणी म्हणालं ना, तुझ्या मनात खोट आहे म्हणून हे झालं, तर मान खाली घालू नका, डोळे मिटू नका. आधी भांडं उलटं करून बघा.