शांतव्वाला मारलेली हाक

शेळगावच्या श्रीपतीला ज्या दिवशी वाचा परत आली, त्या दिवशी त्याच्या बायकोला, भागुबाईला, त्या बोलण्यातलं एक अक्षरही कळलं नाही.

चौऱ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. सकाळी उसाला पाणी देता देता श्रीपती बांधावर कोसळला. बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ झालीय. हातपाय वाचले, पण जीभ गप्प झाली. अकराव्या दिवशी तो एकाएकी मोठ्यानं बोलायला लागला, आणि बोलला ते सगळं कानडी.

रेल्वेत गँगमन म्हणून त्याची अठ्ठावीस वर्षं विजापूरकडं गेली होती. भागुबाई इकडं शेत आणि लेकरं सांभाळायची, तो वर्षातून दोनदा यायचा. त्याला कानडी येते हे तिला ठाऊक होतं. घरात मात्र त्यानं त्यातला एक शब्द कधी काढला नव्हता.

घरी आणल्यावर तो दारातून येणाऱ्या उन्हाकडं बघून ओरडायचा, "एळु! ओडु!" भागुबाईला वाटायचं, ओढ म्हणतोय. ती वाकळ ओढायची, खाट ओढायची. तो जोरजोरात मान हलवायचा. मराठी त्याला कळत होती, पण तोंडातून येत नव्हती. आणि मध्येच एक नाव, पुन्हा पुन्हा. शांतव्वा.

"ह्ये बाहेरचं हाय, भागुबाई," शेजारची छबूबाई म्हणाली. "कोन तरी बाई बोलतीया त्यांच्या तोंडून."

"आमच्यात त्ये चालत न्हाय," भागुबाई ठासून म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं खाटेकडं पाठ करणं सोडलं.

तिची मुलगी करुणा इंदापूरला शाळेत शिकवायची. ती डॉक्टरांना पुन्हा भेटली. डॉक्टर म्हणाले, "दोन भाषा येणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही कायम जाग्या असतात. एक बोलताना मेंदू दुसरीला दाबून धरतो. तुमच्या वडिलांचा तो दाबणारा भागच दुखावलाय. कधी ही सुटेल, कधी ती."

करुणानं सांगवीच्या वीटभट्टीवरचा मुकादम शोधून आणला. भिमा त्याचं नाव. कर्नाटकातल्या अफझलपूरकडचा, दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारा. रविवारी दुपारी तो खाटेशेजारी बसला आणि कानडीत बोलला. श्रीपतीनं त्याचं मनगटच धरलं. मग तो बराच वेळ बोलत राहिला, आणि भिमाचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणत्यात?" भागुबाईनं विचारलं.

"मामी, ह्ये मी सांगायचं न्हाय."

मग त्यानं श्रीपतीचंच एक वाक्य कानडीत त्याला परत ऐकवलं आणि खूण केली, हेच बायकोला तिच्या भाषेत सांग.

तीन आठवडे ज्याच्या तोंडून मराठी शब्द निघाला नव्हता, तो श्रीपती स्वच्छ मराठीत म्हणाला, "शांतव्वा आमच्या गँगवर खडी भरायची."

करुणा जागची उठली. भागुबाई हलली नाही. भिमानं पुढचं वाक्य दिलं.

"लाल निशाण माझ्याकडं हुतं. मी बिडी पेटवीत हुतो."

पुढचं.

"वळणावरनं इंजान आलं. ती उन्हात रुळावर वाकली हुती. मी वरडलो, ऊठ, पळ."

भिमानं शेवटचं वाक्य म्हटलं, आणि श्रीपतीनं ते तितक्याच सावकाश मराठीत आणलं. "मराठीत वरडलो. अकरा वर्षं तिच्यासंगं कानडी बोलत हुतो, पर तवा मराठीच आली. तिला कळलं न्हाय. मी काय म्हणतोय म्हणून ती माझ्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हायली."

"एळु म्हंजी ऊठ, मामी," भिमा हळूच म्हणाला. "ओडु म्हंजी पळ."

भागुबाईनं नवऱ्याला विचारलं, "कोन हुती ती तुमची?"

श्रीपतीनं तोंड उघडलं, उत्तर कानडीत आलं. ते भिमाकडून फिरून मराठीत आलं, तेव्हा एवढंच होतं. "तिच्या घरची भाकरी मी खाल्लीया."

भागुबाईनं त्याच्या अंगावरची वाकळ सारखी केली.

मार्च सरता सरता एके सकाळी श्रीपती म्हणाला, "भागू, च्या ठेव." ती चुलीपुढं बसून रडली. चहा दिल्यावर तिनं विचारलं, "शांतव्वाचं सपान पडतं का अजून?"

"कोन शांतव्वा?" तो म्हणाला. त्याचा चेहरा कोरा होता. तो लपवत होता की मराठीत त्याला ती बाई खरंच सापडत नव्हती, हे तिला कळेना. चार दिवसांनी मराठी पुन्हा गेली, आणि तो दिवसभर उन्हाकडं बघून शांतव्वाला रुळावरनं उठवत राहिला. मग असंच सुरू झालं. चार दिवस तिचा नवरा, तीन दिवस तो दुसरा. त्या तीन दिवसांत भागुबाई रानात जात नसे. खाटेपाशी बसून त्याचा हात धरी.

वैशाखी पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लावताना तिनं एक जास्तीची लावली.

"ही कुणाची, आई?" करुणानं विचारलं.

"रेल्वेतल्या एका बाईची."

श्रीपती शेजारीच होता. त्या दिवशी त्याची मराठी चांगली चालली होती, वाटेत त्यानं गावातल्या मोहनरावांशी उसाच्या गप्पा मारल्या होत्या. त्यानं त्या ज्योतीकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं. त्याचे ओठ बराच वेळ हलत राहिले, पण शब्द कुठल्याच भाषेतून आला नाही.