दाराची किल्ली

किल्लीवाल्याचा उजवा कोपर गेलं वर्षभर ठणकत होता. कानस हातात धरली की कळ थेट खांद्यात जायची. बायको म्हणायची, "पुरे झालं आता, दुकान आवरा." तो "बघू" म्हणायचा आणि सकाळी पुन्हा शटर वर करायचा. दुकान आवरून दिवसभर करायचं काय, हे त्यालाही सुचत नव्हतं नि तिलाही.

अशातच काकांचा फोन आला. काका म्हणजे जमीनमोजणीच्या कामातून कधीच निवृत्त झालेले गृहस्थ, ऐंशी ओलांडलेली. त्यांची एक जुनी जर्मन गाडी होती. तिच्या दोन किल्ल्या, एक दाराची आणि एक इंजिनाची. दोन्ही एकाच जुडग्यात आणि तो जुडगाच हरवलेला.

"नुसती किल्ली तर कापायची आहे, मिस्त्री," काका म्हणाले.

किल्लीवाल्याने कपाळाला हात लावला. कापणं पुढचं, आधी तशी कोरी किल्ली मिळायला हवी. त्या गाड्यांचं सगळंच तऱ्हेवाईक. एका किल्लीवरची खाच डावीकडे झुकलेली, दुसरीची उजवीकडे. दिसायला जुळ्या बहिणी, पण कुलुपात घातल्या की एक सुतासारखी जाते आणि दुसरी तोंडाशीच अडून बसते.

दुपारी तो कोऱ्या किल्ल्यांचा डबा घेऊन काकांच्या गॅरेजमध्ये पोचला. गुडघे टेकून त्याने बॅटरीच्या उजेडात दाराचं कुलूप पाहिलं. भोवतीचा रंग ओरखड्यांनी पार सोलवटला होता. त्याने दाराची मूठ सोडवली, तर कुलुपावर कोरलेला नंबर गंजाने खाऊन टाकलेला. म्हणजे आता एकेक किल्ली घालून बघणं आलं. पहिली शिरेना. दुसरी अर्ध्यावर रुतली, ती पकडीने ओढून काढावी लागली. डबा निम्मा उपसल्यावर एक काळवंडलेली सरकन आत गेली. तिच्यावर काजळी धरायची, कुलुपात जरा पिळायची, जिथे खूण उमटेल तिथे घासायचं. असं करत करत दाराची किल्ली एकदाची फिरली. तोवर कोपराने जीव नकोसा केला होता.

इंजिनाच्या कुलुपाची खाच नेमकी उलटी निघाली. तिची कोरी किल्लीही डब्यात सापडली. आता फक्त दाते कापायचे. काका पाणी आणायला आत गेले, तशा इतका वेळ दाराशी उभ्या असलेल्या काकू लगबगीने जवळ आल्या.

"ती नाही मिळाली म्हणून सांगाल?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जुडगा मीच टाकला. पुलावरून, नदीत."

किल्लीवाल्याने हातातली कोरी किल्ली खाली ठेवली.

"ह्यांना दिसत नाही हो. परवा एक सायकलवाला थोडक्यात वाचला. हे म्हणतात, तोच आडवा आला. मुलगा फोनवर म्हणतो, आई, तूच समजाव. मी कुणाकुणाला समजावू?"

"काकू, मला खोटं बोलता येत नाही. बोललो तरी चेहऱ्यावर दिसतं."

काकू पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचाही जीव मेटाकुटीला आलेला दिसत होता.

किल्लीवाल्याने गाडीचं दार लावून नव्या किल्लीने कुलूप घालून पाहिलं, तोवर काका पाणी घेऊन आले. दाराची किल्ली झाल्याचं कळताच लहान पोरासारखे हरखले. "द्या, मीच लावतो." पण किल्लीचं टोक कुलुपाच्या वर टेकलं, मग खाली, मग कडेला. पत्रा खरवडल्याचा आवाज येत राहिला. कुणी मदतीला पुढे झालं नाही. शेवटी बोटाने चाचपून त्यांनी ती घातली, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"आता इंजिनाची."

"ती मी करणार नाही, काका."

"का? कोरी किल्ली नाही मिळाली?"

"मिळाली आहे."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मग? हिने कान भरले का तुमचे?"

"मघाशी किल्ली कशी लावलीत, ते मी पाहिलं," किल्लीवाला थकून म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मी अडवणारा कोण? पण माझ्या हातून नाही होणार."

"बघतोच दुसरा मिस्त्री!"

"बघा."

काका गाडीतून उतरले नाहीत. काकू वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. किल्लीवाल्याने डबा आवरला. घरी जाऊन तो हातपाय न धुताच आडवा झाला. बायकोने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "आज फार दमलो."

काही दिवसांनी काका बसने दुकानात आले. फळीला धरून जरा वेळ उभे राहिले.

"दुसरा मिस्त्री मिळाला?" किल्लीवाल्याने विचारलं.

"शोधला नाही." काकांनी खिशातून दाराची किल्ली काढली. "हिच्यासारखी अजून एक करा. आम्ही संध्याकाळी बसतो गाडीत, रेडिओ घेऊन. तुमची काकू माझ्याआधी गॅरेजमध्ये येते आणि ताटकळत उभी राहते."

"बसा," किल्लीवाला म्हणाला आणि त्याने डबा पुढे ओढला.